लॅपटॉप सुरू होत नाही? ‘फॉरमॅट मारा’ म्हणण्याआधी हे वाचा

मागच्या महिन्यात मामांचा फोन आला. “लॅपटॉप गेला रे. काळ्या पडद्यावर नुसतं ‘ग्रब’ असं येतंय. दुकानवाला म्हणतो, फॉरमॅट मारावा लागेल.” मामा त्यांच्या हाउसिंग सोसायटीचे सचिव. नऊ वर्षांचे हिशेब आणि मुलीच्या लग्नाचे फोटो त्याच लॅपटॉपमध्ये. बॅकअप? अर्थातच नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला. टीपीएम २.० चिप किंवा पुरेसा नवा प्रोसेसर नसलेल्या लॅपटॉपवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. त्यामुळे अनेकांनी जुन्या मशीनवर लिनक्स टाकून पाहिलं. मामेभावानेही विंडोजशेजारी लिनक्स मिंट टाकलं. कंटाळा आल्यावर विंडोजमध्ये जाऊन लिनक्सचं पार्टिशन उडवलं आणि लॅपटॉप बंद केला. घोळ इथेच झाला.

बटण दाबल्यावर आधी विंडोज सुरू होत नाही. मदरबोर्डवरचं यूईएफआय, ज्याला आपण सवयीने बायोस म्हणतो, ते जागं होतं. आधी कोणाला हाक मारायची याची यादी त्याच्याकडे असते. डिस्कवरच्या एका छोट्या पार्टिशनमध्ये बूटलोडर असतो, तो पुढे विंडोज किंवा लिनक्स उठवतो. मामांना मी सांगितलं, वॉचमनच्या रजिस्टरमध्ये फ्लॅट सोडून गेलेल्या भाडेकरूचं नाव अजून सगळ्यात वर आहे. पाहुणा बंद दारापाशी जाऊन उभा राहतोय, बिल्डिंग काही पडलेली नाही.

म्हणून पहिलं काम, लॅपटॉप चालू करताना बूट मेन्यूची की दाबत राहा. डेल आणि लेनोवोत बहुधा एफ१२, एचपीत एफ९. यादीत ‘विंडोज बूट मॅनेजर’ दिसला तर तो निवडा. विंडोज उघडलं, तर बायोसमध्ये जाऊन त्याला कायमचं वर आणा. ‘नो बूटेबल डिव्हाइस’ येत असेल तर आधी पेनड्राइव्ह लावलेला राहिलाय का बघा (हसू नका, मी स्वतः अर्धा तास घालवलाय). मग बूट मोड तपासा. यूईएफआयमध्ये टाकलेली सिस्टिम लेगसी मोडवर उठत नाही.

कधी चूक तुमची नसतेही. ऑगस्ट २०२४मध्ये विंडोजच्या एका सिक्युरिटी अपडेटनंतर शेजारी लिनक्स असलेल्या अनेक कॉम्प्युटरवर लिनक्स सुरू होणंच थांबलं होतं. सिक्युअर बूटच्या नव्या नियमात जुने बूटलोडर बसत नव्हते. फाइल्स मात्र जागच्या जागी होत्या.

खरी भीती बिटलॉकरची. अनेक नव्या लॅपटॉपवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट झालेली असते. बायोसमध्ये सिक्युअर बूट बदललं की विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतं. ती बहुतेक वेळा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सापडते. तिथे नसेल आणि कुठे लिहूनही ठेवली नसेल, तर मायक्रोसॉफ्टसुद्धा ती देऊ शकत नाही. त्यामुळे सिस्टिम बदलायची ठरवली की बाकी काही करण्याआधी ही की कागदावर उतरवा.

माझा राग दुकानांच्या सवयीवर आहे. फॉरमॅट करणं त्यांना सोपं आणि झटपट पडतं, पण फाइल्स तुमच्या जातात. लाइव्ह पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून एन्क्रिप्ट नसलेल्या डिस्कवरच्या फाइल्स एक्स्टर्नल ड्राइव्हवर काढता येतात. “आधी डेटा काढा, मग हात लावा,” असं ठणकावून सांगा, शक्यतो पावतीवर लिहून घ्या. डिस्क बायोसमध्येही दिसत नसेल किंवा टकटक आवाज येत असेल, तर मात्र पुन्हापुन्हा चालू करून पाहू नका. तो हार्डवेअरचा मामला, तिथे डेटा रिकव्हरीवालाच हवा.

मामांकडे व्हिडिओ कॉलवर एफ१२ दाबायला दोन मिनिटं लागली. बाकीचा तास मामेभावाला बोलणी खाण्यात गेला. हिशेबांची एक कॉपी आता पेनड्राइव्हवर आहे, मामींच्या कपाटात.