राजाचे ऋण आणि शंभर दीनार

भावाने अपराध केला तर त्याला किती वेळा क्षमा करावी, सात वेळा पुरे होईल काय, असे पेत्राने येशूला विचारले. उत्तर मिळाले ते हिशेब मोडून टाकणारे होते: सात नव्हे, साताच्या सत्तर पट. त्यापाठोपाठ मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात एक दृष्टान्त येतो. त्याची भाषा खतावणीची आहे, म्हणून व्यापारी घराण्यांतील वाचकांना तो सहज उमजावा.

एक राजा आपल्या सेवकांचा हिशेब घेऊ लागला. एकाकडे दहा हजार टॅलेंटांचे येणे निघाले. एक टॅलेंट म्हणजे सुमारे सहा हजार दीनार आणि एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे हे ऋण सहा कोटी दिवसांच्या श्रमाचे झाले! राजाने त्याला बायकामुलांसह विकण्याची आज्ञा केली. सेवक पाया पडला, मुदत मागू लागला. राजाला दया आली. त्याने मुदत दिली नाही, सारे ऋणच सोडून दिले. तो सेवक बाहेर पडला आणि त्याला शंभर दीनारांचा देणेकरी असलेला एक सोबती भेटला. त्याने सोबत्याची मानगूट धरली. सोबत्यानेही त्याच शब्दांत विनवणी केली, पण याने त्याला तुरुंगात घातले. हे कानी पडताच राजाने आपली क्षमा परत घेतली.

शंभर दीनार म्हणजे सव्वातीन महिन्यांची मजुरी. ही रक्कम क्षुल्लक नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे. क्षमा करणाऱ्याचे काही जातच नाही, अशी स्वस्त समजूत हा दृष्टान्त घालीत नाही. येशू ज्या अरामी भाषेत बोलत असे, तिच्यात ऋण आणि पाप या दोहोंना एकच शब्द होता. मत्तयाने दिलेल्या प्रार्थनेतही ऋण सोडण्याची याचना आहे, आणि तिला आम्हीही ऋणकऱ्यांना सोडले आहे, अशी जोड आहे.

जैन विचाराला येथे एक अडचण येते आणि ती लपवण्याचे कारण नाही. ऋण सोडणारा राजा जैन तत्त्वज्ञानात नाही. कर्म ज्याचे त्याने भोगावे वा तपाने झडवावे. तीर्थंकरही दुसऱ्याची निर्जरा करून देत नाहीत. पर्युषणात स्थानकांतून अंतगडसूत्राचे वाचन होते, त्यात अर्जुनमाळ्याची कथा येते. यक्षाने झपाटलेला हा माळी रोज सहा पुरुष आणि एक स्त्री मारीत असे. सुदर्शन श्रावकाच्या निर्भयतेपुढे यक्ष निघून गेला आणि अर्जुनाने भगवान महावीरांकडे दीक्षा घेतली. लूक उधळ्या पुत्राची कथा सांगतो. तो घरी परतताच मेजवानी झाली. अर्जुनमुनींसाठी कोणी मेजवानी मांडली नाही. राजगृहात गोचरीला गेले की याने माझा बाप मारला, याने माझी बहीण मारली, असे लोक म्हणत आणि शिव्या देत, मारीत. कोणी अन्न दिले तर पाणी मिळत नसे. सहा महिने त्यांनी हे समभावाने सोसले आणि मुक्त झाले. खाते कोणी माफ केले नाही. ते फेडले गेले.

तरीही दोन्ही परंपरा एका ठिकाणी जुळतात: दुसऱ्यावर धरलेले वैर सोडल्याखेरीज स्वतःची सुटका नाही. तुरुंगात गेलेल्या सेवकाला त्याच्या जुन्या ऋणापेक्षा त्याच्या मुठीने अधिक अडकवले.

ही मूठ म्हणजे केवळ रूपक नव्हे, हे आंबेगाव तालुक्याच्या पूर्वेकडील लोणी-धामणीच्या पर्जन्यछायेच्या पट्ट्यात वेगळे सांगावे लागत नाही. पाऊस हुकला की उधारी, हे कोरडवाहू गावांचे जुने गणित. शेजारच्या शिरूर तालुक्यातील करडे गावात १८७४च्या अखेरीस कर्जवसुलीवरून गावकऱ्यांनी सावकारांवर बहिष्कार घातला. १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, भीमथडीतील सुपे येथे दंगा उसळला आणि शिरूर, इंदापूर, पुरंदरपर्यंत पसरला. सावकार बहुतेक मारवाडी आणि गुजराती होते. त्यांत जैनही होते. जमावाने माणसे मारण्यापेक्षा कर्जरोखे आणि वह्या हस्तगत करून जाळण्यावर भर दिला. अमेरिकेतील यादवी युद्ध संपून कापसाचे भाव कोसळलेले, सरकारी सारा वाढलेला आणि तो ठरल्या तारखेला रोख भरायचा. त्या वेळी पैसा मिळण्याची जागा सावकाराचे दुकान हीच होती. सारा दोष त्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. परंतु निरक्षर कुणब्याचा अंगठा कोणत्या मजकुराखाली घेतला जात होता, हा प्रश्न पुढे चौकशी मंडळापुढे आलाच.

आणि तो प्रश्न श्रावकाला नवा नव्हता. प्रतिक्रमणात दुसऱ्या अणुव्रताचे अतिचार म्हटले जातात, त्यांत ‘कूडलेह’ म्हणजे खोटा लेख आहे. तिसऱ्या व्रताच्या अतिचारांत खोटे तोल आणि खोटे माप आहे. म्हणजे दुकानातला पश्चात्ताप शास्त्राने दुकानाच्याच शब्दांत लिहून ठेवला आहे. ‘मिच्छा मि दुक्कडं’ त्या यादीच्या शेवटी येते, यादीऐवजी नव्हे. संवत्सरीला निघणारी क्षमापनापत्रे मात्र बहुधा सोयऱ्यांकडे, व्याह्यांकडे आणि बरोबरीच्या व्यापाऱ्यांकडे जातात. ज्याचे नाव उधारीच्या पानावर आहे, त्याच्या दारी खमतखामणा करायला जाण्याचा प्रघात विरळाच.

१८७९मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. न्यायालयाला रोख्यामागील मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार मिळाला, आणि शेतकऱ्याने दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती त्याच्या हाती देणे सावकाराचे कर्तव्य ठरले. खोट्या लेखाचा अतिचार श्रावकाच्या पाठात त्याच्या कितीतरी आधीपासून होता.