चालण्याचे औषध, पण चालावयाचे कोठे?

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. या देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही असून प्रमाणाच्या दृष्टीने शेजारचा गोवा शेकडा २६.४ या आकड्यासह अग्रभागी आहे, हे त्यांतून उघड झाले. मधुमेह हा मूठभर सुखवस्तूंचा रोग होय, ही समजूत आता टाकून दिली पाहिजे.

मधुमेह म्हणजे केवळ रक्तातील साखर, ही समजूतही तितकीच अपुरी आहे. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात पोटात साठलेली चरबी निपचित पडून राहत नाही. तीतून दाहकारक द्रव्ये स्रवतात आणि ती इन्शुलिनच्या कार्यात अडथळा आणतात, हे १९९३ पासूनच्या संशोधनाने दाखविले आहे. ज्वर नाही, वेदना नाही; परंतु राखेखालच्या निखाऱ्याप्रमाणे हा मंद दाह वर्षानुवर्षे धुमसतो आणि अखेर रक्तवाहिन्यांवर घाला घालतो.

या निखाऱ्यावर पाणी शिंपडण्याचे एक साधन आपल्या स्नायूंतच आहे. श्रम करणारा स्नायू काही द्रव्ये रक्तात सोडतो व त्यांतली काही दाहशामक प्रक्रियेस चालना देतात, हे कोपनहेगनच्या डॉ. बेंटे पेडरसन प्रभृतींनी दाखवून दिले. नियमित व्यायाम करणाऱ्या मधुमेहींच्या रक्तात सी-रिॲक्टिव्ह प्रथिन हे दाहाचे गमक घटते, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित परीक्षणात आढळले आहे. यातील काही श्रेय चरबी घटण्यालाही दिले पाहिजे. शिवाय व्यायाम औषधाची जागा घेत नाही. ज्यांचे इन्शुलिन चालू आहे किंवा पायास जखम आहे, त्यांनी वैद्याच्या सल्ल्यावाचून साहस करू नये. व्यायाम थांबला की त्याचा गुणही काही दिवसांतच ओसरू लागतो. म्हणूनच चार दिवसांचा उत्साह येथे कामाचा नव्हे.

जागतिक आरोग्य संघटना आठवड्यास निदान दीडशे मिनिटे मध्यम श्रमांचा व्यायाम सांगते. २०२२ साली भारतातील जवळजवळ निम्मे प्रौढ, आणि स्त्रियांपैकी शेकडा ५७, या मर्यादेपर्यंत पोहोचत नव्हते. यास आळस म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु पदपथ फेरीवाल्यांनी व वाहनांनी व्यापलेले, मैदानांना कुलपे, रस्त्यांवर अंधार, अशा शहरात दिवसभर राबून घरी परतलेल्या गृहिणीने चालावयाचे कोठे? जिमखान्याचे सभासदत्व सर्वांना परवडणारे नव्हे.

डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘रोज चाला’ असे लिहावे आणि नगरपालिकेने ती वाट बुजवावी, हा विसंवाद फार काळ चालू देता येणार नाही. मोकळा पदपथ, पुरेसा उजेड आणि उघडे मैदान यांवर होणारा खर्च हा शोभेचा खर्च नव्हे, तो औषधाचाच खर्च होय. तो आज टाळला, तर उद्या तोच पैसा मूत्रपिंडाच्या आणि हृदयाच्या उपचारांवर अनेक पटींनी मोजावा लागेल. आणि तो मोजणारे घर बहुधा गरिबाचे असेल.