माजी साहेबांची वसाहत

ज्येष्ठांच्या वसाहतीत नवं माणूस राहायला आलं की त्याला पाणी विचारायच्या आधी दोन प्रश्न विचारतात. ‘कुठून रिटायर झालात?’ आणि ‘मुलं कुठे असतात?’ झालं! तुमची पायरी ठरली. मी जिल्हा रुग्णालयात परिचारिका होते आणि माझा मुलगा सांगलीत हार्डवेअरचं दुकान चालवतो. पुण्याबाहेरच्या या वसाहतीत सामानाचा टेम्पो रिकामा व्हायच्या आत भोजनगृहातलं जिन्याजवळचं टेबल माझ्या नावावर लागलं होतं. खिडकीजवळची टेबलं साहेबांची. साहेब म्हणजे माजी मुख्य अभियंता, माजी उपसंचालक, माजी महाव्यवस्थापक. दारावरच्या पाटीवर नाव बारीक, हुद्दा ठसठशीत.

अहो, कसले साहेब? हाताखाली शिपाई नाही, टेबलावर फाईल नाही, सहीला कुणी विचारत नाही. तरी लिफ्टमध्ये पहिलं पाऊल यांचं आणि सभेत शेवटचा शब्द यांचा. मी उभा जन्म वॉर्डात काढला. कॅथेटर घालताना कुणाचा ग्रेड पे दिसत नाही. रात्री छातीत धडधडलं की हेच खिडकीवाले माझी बेल वाजवतात, तेव्हा मी ‘सिस्टर’ असते. सकाळी नाश्त्याला पुन्हा ‘त्या, जिन्याजवळच्या’. हा निव्वळ निर्लज्जपणा आहे.

मुलांचीही श्रेणी लावलेली. न्यू जर्सी अव्वल, दुबई मधली, पिंपरी-चिंचवड तळाला. ज्यांचा मुलगा दर रविवारी स्कूटरवरून डबा घेऊन येतो, त्यांनी गप्प बसायचं; ज्यांचा मुलगा वर्षानुवर्षं मोबाइलच्या पडद्यावरच भेटतो, त्यांनी इतरांना संगोपनाचे धडे द्यायचे. सांगा, यात अक्कल कुठे आहे?

महारेराने २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी नियमावली काढली. दार किमान ९०० मिलिमीटर रुंद हवं, म्हणजे चाकाची खुर्ची सहज आत जाते. जिन्याला कठडा हवा, लिफ्ट हवी. उत्तम नियम आहेत. खुब्याचं हाड मोडलेल्या बायका मी खूप पाहिल्यात, मला या नियमांची किंमत कळते. पण दार रुंद करून काय उपयोग, जर आतली माणसं उंबरठ्यावरच चौकशी समिती बसवणार असतील?

आता खरा संताप. संक्रांतीला फलकावर सूचना लागली : ‘हळदीकुंकू. सर्व सवाष्णींनी अगत्याने यावे.’ ज्या वसाहतीत निम्म्याहून जास्त बायका नवरा गेलेल्या, तिथे ही सूचना! आयोजन करणाऱ्या बाई समाजशास्त्राच्या प्राध्यापक होत्या. याच बाई दर गुरुवारी गीतावर्गात आत्म्याच्या अविनाशित्वावर तासभर बोलतात. वर्गात देह म्हणजे जुनं वस्त्र, आणि संध्याकाळी तिळगूळ द्यायचा तो गळ्यातलं मंगळसूत्र बघून. मी विचारलं तर म्हणाल्या, ‘रीत आहे हो, वाईट वाटून घेऊ नका.’ धोंडो केशव कर्व्यांनी विधवा गोदूबाईंशी पुनर्विवाह केला तो १८९३ साली, याच पुण्यात. त्यांच्या नावाच्या रस्त्यावर हलव्याचे दागिने आणि वाण विकत घ्यायचं आणि घरी येऊन विधवांना वगळायचं! कोल्हापूर जिल्ह्यातल्या, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये ठराव केला, की नवरा गेला म्हणून बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. शासनाने परिपत्रक काढून राज्यातल्या इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. शेतात राबणाऱ्या बायामाणसांना जे उमगलं, ते या पदव्युत्तर मंडळींच्या गळी उतरत नाही.

‘एवढं काय त्यात?’ असं विचारणाऱ्यांसाठी सांगते. माझ्या मजल्यावरच्या काकू नवरा होता तोवर खिडकीजवळ बसायच्या. ते गेले, आणि महिन्याभरात त्या खुर्चीवर दुसरं जोडपं आलं. कुणी ‘उठा’ म्हणालं नाही, फक्त त्यांच्यासाठी जागा धरायचं बंद झालं. काकूंनी डबा खोलीत मागवायला सुरुवात केली. दुपारी तीनला मी त्यांच्या दारावरून जाते तेव्हा डबा बाहेर तसाच असतो. एकदा झाकण काढून पाहिलं. पोळी वाळून कडक, वरणावर साय धरलेली. असं एकटं पडलेलं माणूस जेवत नाही. जेवलं नाही की मधुमेहाची गोळी अंगावर येते, साखर उतरते, न्हाणीघरात चक्कर येते आणि मग तेच खुब्याचं हाड. तिथे भिंतीला दांडी लावलेली असते, पण ती धरायची शुद्ध तर राहायला हवी ना! एका खुर्चीपासून अतिदक्षता विभागापर्यंतचा हा रस्ता मी नोकरीत पुष्कळदा पाहिलाय. इथे तो माझ्या शेजारच्या दारापाशी सुरू झालाय आणि साहेब मंडळी खिडकीतून डोंगर बघत सूप पितायत.

वार्षिक सर्वसाधारण सभेसाठी मी लेखी विषय दिला आहे. भोजनगृहात कुणाचीही जागा राखीव नसावी आणि वसाहतीच्या फलकावर ‘सवाष्णी’ शब्द येऊ नये. सचिवांनी अर्ज वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, ‘बाई, नव्या आहात, जरा रुळा आधी.’ मला असं रुळायचंच नाही. काकूंना आजपासून मी माझ्या टेबलावर जेवायला बोलावलं आहे. अर्जाची पोच सचिवांनी अजून दिलेली नाही. ती मी सही-शिक्क्यानिशी घेतल्याशिवाय त्यांच्या दारातून हलणार नाही.