रस्ता कुणाला विचारायचा?

मैत्रिणींनो, मोठ्या रुग्णालयात आपण रुग्ण म्हणून जातो, त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा सोबत म्हणून जातो. सासूची सोनोग्राफी, नवऱ्याचं ऑपरेशन, जावेचं बाळंतपण, शेजारणीचं तापलेलं पोर. या सोबतीला मजुरी नाही, भरपगारी रजा नाही. घरकामासारखीच तिचीही मोजदाद होत नाही.

आमच्या तळोज्यातून मुंबईचं मोठं रुग्णालय गाठायचं म्हणजे दिवस गेलाच. नोव्हेंबर २०२३ मध्ये पेंधर ते बेलापूर मेट्रो सुरू झाली, तेवढा टप्पा सोपा झाला. पुढे हार्बरची लोकल, कुर्ल्याला गाडी बदलून शीव किंवा परळ. पण एवढं करून फाटकाशी पोचलं, की खरी वणवण तिथून सुरू होते.

आमच्या गटातल्या एका मावशींच्या सुनेला एका मोठ्या रुग्णालयात दाखल केलं होतं. मी सोबत गेले. केसपेपर एका इमारतीत, पैसे भरायची खिडकी दुसऱ्या, रक्त तपासणी तिसऱ्या. चिठ्ठीवर डॉक्टरांनी लिहिलेलं ‘पॅथॉलॉजी’, दारावर पाटी ‘विकृतीशास्त्र विभाग’. मावशी सातवी शिकलेल्या. पाटी त्यांना वाचता येत होती, पण रक्त तिथेच द्यायचं हे त्या पाटीवरून कसं कळावं? रक्ताची नळी हातात धरून त्या त्याच दारावरून तीनदा गेल्या. शेवटी एका खिडकीवर विचारलं, तर उत्तर आलं, “वाचता येत नाही का?” मावशींनी मान खाली घातली.

मला राग आला. मी चिठ्ठी त्यांच्या हातून घेतली आणि पुढे चालू लागले. माझी पदवी, माझं इंग्रजी, माझा चढा आवाज कामी आला. अर्ध्या तासात काम झालं. दुसऱ्या दिवशी मावशी एकट्या गेल्या आणि तिथून त्यांचा फोन आला, “ताई, काल आपण कुठल्या जिन्यानं गेलो होतो?” आदल्या दिवशी त्यांनी रस्ता पाहिलाच नव्हता, माझी पाठ पाहिली होती. खिडकीवरच्या माणसानं त्यांना अडाणी ठरवलं आणि मीही त्यांना शिकू दिलं नाही.

बाई चुकते ती अडाणी म्हणून नव्हे. रुग्णालय तिला डोळ्यांसमोर ठेवून बांधलेलंच नसतं. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९४६ साली देशातली पहिली वैद्यकीय समाजसेविका नेमली गेली. आज अनेक मोठ्या रुग्णालयांत हे पद आहे. पण तिची खोलीच आतल्या बोळात असेल, तर तिथवर पोचायला आधी दुसरी समाजसेविका हवी!

मार खाऊन आलेल्या बाईचं काय? वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली महापालिका आणि ‘सेहत’ यांनी ‘दिलासा’ केंद्र उभं केलं. रुग्णालयातल्या नर्स आणि डॉक्टरांनीच हिंसा ओळखावी आणि बाईला समुपदेशकाकडे पाठवावं, ही त्यामागची दृष्टी. हे मोलाचं आहे, कारण “नवरा मारतो, कुठे जाऊ?” हे गर्दीच्या खिडकीवर कुणी मोठ्यानं विचारत नाही. अशा बाईला नुसता बाण दाखवून भागत नाही, कुणीतरी उठून तिला तिथवर नेऊन सोडावं लागतं.

बाळंतपणात जवळची एक सोबतीण असू द्यावी, असं केंद्र सरकारनं २०१६ साली सांगितलं. म्हणजे सोबत हा उपचाराचाच भाग आहे. मग सोबतिणीला गर्दी समजून हाकलणं थांबायला हवं.

म्हणून आपल्या मागण्या साध्या असाव्यात. पाट्या बोलीतल्या शब्दांत हव्यात: ‘रक्त इथे द्या’, ‘पैसे इथे भरा’. सोबत चित्र आणि जमिनीवर रंगीत पट्टे. तळोज्याच्या कामगार वस्त्यांत हिंदी, उर्दू बोलणाऱ्या बायाही आहेत, चित्र त्यांनाही कळतं. मदतीचं टेबल फाटकाशीच हवं. आणि बसायला बाक, बायकांसाठी संडास, पिण्याचं पाणी कुठे आहे, हेही पाटीवर हवं.

काही काम आपलंही आहे. वस्तीचा नकाशा आपण रांगोळीनं जमिनीवर काढतो, तसा आम्ही आता रुग्णालयाचाही काढतो. जाऊन आलेली बाई सांगते, बाकीच्या काढतात. पहिल्या नकाशात मावशींनी तो जिना काढला, तोही बरोबर जागी. आणि सोबत जाताना मी आता मागून चालते. वेळ जास्त लागतो, कधी चुकतोही. पण चिठ्ठी जिची, तिच्याच हातात राहते.

तुमच्या गटानं असं काही केलं असेल तर जरूर कळवा.