नाममुद्रा पुसणारे

गेल्या वर्षीं एका महाविद्यालयांत विद्यार्थ्यांनीं तयार केलेल्या मोबाइल ॲपांची स्पर्धा भरली होती. परीक्षकमंडळांत एखादा वाङ्मयाचा अध्यापक असावा म्हणून मलाहि बोलावणें आलें. पहिलें बक्षीस ज्या ॲपला मिळालें तें संतांचे अभंग ठळक टाइपांत दाखवून मोठ्यानें वाचणारें होतें; दृष्टि मंदावलेल्या वृद्धांस त्याचा फार उपयोग व्हावा अशी त्याची रचना होती. निकालपत्रावर मीं आनंदानें सही केली. महिन्याभरांतच तें ॲप ज्या ऑनलाइन दुकानांत ठेवलें होतें तेथून काढून टाकण्यांत आलें. तक्रार एका परदेशी प्रोग्रामरची होती. मजकूर वाचून दाखविणारा भाग मूळ त्यानें लिहिलेला होता. तो त्यानें सर्वांस विनामूल्य दिला होता व अट एवढीच घातली होती कीं, माझें नांव व हा परवाना प्रत्येक प्रतीबरोबर राहूं द्यावा. हीं दोन्ही त्या ॲपमधून पुसून टाकलेलीं होतीं.

मुलगा वडिलांस घेऊन माझ्या घरीं आला. "सर, नांवें मींच काढलीं," तो खालीं मान घालून म्हणाला, "गाइड म्हणाले, इतकीं परकीं नांवें दिसलीं तर ह्यांत तुझें स्वतःचें काय, असें परीक्षक विचारतील." वडील मात्र चिडलेले होते. "अहो सर, त्यानें फुकट मांडून ठेवलेली वस्तु पोरानें घेतली. ह्यांत चोरी ती कसली?" मजपाशीं तत्काळ उत्तर नव्हतें, कारण परीक्षक या नात्यानें मीं तोच प्रश्न विचारला असता, हें मला पक्कें ठाऊक होतें.

हा लेख त्या मुलाविरुद्ध नाहीं. तो त्याच्या वडिलांच्या त्या वाक्याविरुद्ध आहे आणि तें वाक्य ज्या वर्गांतून निघतें त्या आपणां सुशिक्षितांच्या समजुतीविरुद्ध आहे. जें फुकट मिळतें तें बेवारशी असतें, अशी ही समजूत होय.

प्रथम कायदा पाहूं. संगणकाचा प्रोग्राम म्हणजे यंत्राचा एखादा सुटा भाग अशी आपली कल्पना असते. परंतु आपल्या देशाचा 1957 चा स्वामित्वहक्काचा कायदा, 1984 सालीं झालेल्या दुरुस्तीपासून, प्रोग्रामची गणना 'साहित्यकृतीं'त करतो. कादंबरीकाराचा आपल्या कादंबरीवर जो हक्क, तोच प्रोग्रामराचा आपल्या सोर्स कोडवर, म्हणजे माणसानें लिहिलेल्या मूळ मजकुरावर. त्यासाठीं त्याला कोठें नोंदणीहि करावी लागत नाहीं; लिहितांक्षणींच तो हक्क उत्पन्न होतो. म्हणजे दुसऱ्याचा कोड उचलून आपल्या ॲपांत घालण्याचा अधिकार मुळांत कोणालाच नसतो. तो अधिकार मिळतो तो कोडबरोबर ठेवलेल्या परवान्यानें, आणि त्यांत लिहिलेल्या अटी पाळल्या तरच. परवाना फेकून देऊन कोड ठेवणारा मनुष्य दानपत्र जाळून शेत कसूं पाहतो.

आतां ह्या अटी तरी काय आहेत? परवान्यांचे ठळक वर्ग दोन. पहिल्या वर्गांत एमआयटी, बीएसडी, अपाची हे परवाने येतात. एमआयटी परवाना इंग्रजींत पावणेदोनशें शब्दांच्या आंतच आहे. आपल्या लग्नपत्रिका त्याहून लांब असतात. त्याचें सांगणें असें कीं, कोड वापरा, बदला, विका. मात्र स्वामित्वाची सूचना व हा परवाना प्रतींबरोबर ठेवा, आणि कांहीं बिघडल्यास मला जबाबदार धरूं नका. 2004 चा अपाची परवाना थोडा मोठा आहे. बदललेल्या फाइलींत बदल केल्याची नोंद असावी असें तो म्हणतो, आणि त्या कोडला लागू पडणाऱ्या पेटंटांचा हक्कहि देतो.

दुसरा वर्ग जीपीएल ह्या परवान्याचा. रिचर्ड स्टॉलमन ह्यांनीं 1983 सालीं मुक्त सॉफ्टवेअरची जी चळवळ पुकारली तिच्यांतून 1989 मध्यें त्याची पहिली, 1991 मध्यें दुसरी व 2007 मध्यें तिसरी आवृत्ति निघाली. त्याचें म्हणणें असें: मीं दिलेला भाग आपल्यांत मिसळून तुम्ही एकजीव प्रोग्राम केला आणि तो इतरांस दिला, तर त्या संपूर्ण प्रोग्रामचा सोर्स कोड घेणाऱ्यांस ह्याच अटींवर मिळाला पाहिजे. जीपीएलचें सॉफ्टवेअर विकतां येत नाहीं, असें पुष्कळ अभियंतेहि सांगतात. तें चूक आहे. विकण्यास पूर्ण मुभा आहे, विकत घेणाऱ्याची वाट बंद करण्यास नाहीं. प्रोग्राम आपल्याच घरीं वापरला, कोणास दिला नाहीं, तर कोड दाखविण्याचें बंधन येत नाहीं. आणि दुरून नेटवर्कवर वापरूं देऊन ही अट चुकवूं पाहणाऱ्यांसाठीं एजीपीएल नांवाचा परवाना आहे.

ह्यावर कित्येक आक्षेप येतात. पहिला असा कीं, ज्याला खरोखर द्यावयाचें आहे त्याला नांवाचा हव्यास कशाला? हा आक्षेप मराठी माणसानें घ्यावा ह्याचें मला आश्चर्य वाटतें. आपल्या संतांहून निरिच्छ कोण? तरी प्रत्येक अभंगाच्या शेवटीं त्यांची नाममुद्रा आहे. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस ती लिहून घेणाऱ्या सच्चिदानंदबाबांचें नांव आहे, आणि शतकानुशतकें नकला होत आल्या तरी तें तेथेंच आहे. एकनाथांनीं शके 1506 मध्यें ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली तेव्हां त्यांनीं तीस कुलूप घातलें नाहीं, पण कोणी आपली ओवी तींत घुसडूं नये असें मात्र बजावून ठेवलें. ग्रंथ सर्वांस मोकळा आणि त्याची मर्यादा मात्र निश्चित, ही रीति आपल्यास परकी नाहीं. त्या मुलाच्या ॲपांत अभंगांच्या नाममुद्रा जशाच्या तशा होत्या आणि त्यांना वाणी देणाऱ्या प्रोग्रामराची तेवढी पुसली होती.

शिवाय ही सूचना केवळ मानासाठीं नसते. लिंक्सिस कंपनीच्या एका वायरलेस राउटरमध्यें लिनक्सचा जीपीएल कोड होता व कंपनीनें आरंभीं सोर्स कोड दिला नव्हता. परवान्याच्या आधारें लोकांनीं मागणी लावून धरली, आणि 2003 सालीं तो बाहेर आला. त्यांतूनच ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प निघाला, जो पुढें कितीतरी कंपन्यांचे राउटर चालवूं लागला. परवाना पुसला जाऊन कोणाच्या लक्षांत आलें नसतें, तर हें सार्वजनिक धन एका पेटींतच बंद राहिलें असतें.

दुसरा आक्षेप व्यवहारी लोकांचा: कोण पाहतो आणि कोण कोर्टांत जातो? ह्याचें उत्तर न्यायालयांनींच दिलें आहे. म्युनिकच्या न्यायालयानें 2004 मध्यें, हराल्ड वेल्टे ह्या प्रोग्रामरच्या दाव्यांत, जीपीएलच्या अटी बंधनकारक मानून मनाईहुकूम कायम केला. अमेरिकेंतील खटला अधिक बोलका आहे. रॉबर्ट जेकबसन हे बर्कलीचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. खेळण्यांतील आगगाड्या चालविण्याचा प्रोग्राम त्यांनीं इतर हौशी लोकांबरोबर तयार करून फुकट वाटला होता. एका व्यापाऱ्यानें त्यांतील फाइली नांवें गाळून आपल्या मालांत घातल्या. 2008 सालीं फेडरल सर्किटच्या अपील न्यायालयानें निकाल दिला कीं, पैसा घेतला नाहीं म्हणून अटी पोकळ ठरत नाहींत. त्या मोडल्यास स्वामित्वहक्काचा भंग होऊं शकतो. आमच्या त्या पालकांचा प्रश्न तेथेंहि निघाला होता, आणि त्याचें उत्तर त्यांच्या विरुद्ध गेलें.

अटी न वाचतां ॲप प्रसिद्ध करण्याचा धोका केवळ लबाडांनाच असतो असेंहि नाहीं. व्हीएलसी हा चित्रफिती दाखविणारा प्रोग्राम बहुतेक वाचकांच्या घरीं असेल. तो आयफोनच्या दुकानांत 2010 मध्यें आला आणि जानेवारी 2011 मध्यें काढला गेला. कारण त्या दुकानाच्या अटी जीपीएलशीं जुळत नाहींत, अशी हरकत व्हीएलसीच्याच एका कर्त्यानें घेतली. पुढें प्रोग्रामच्या गाभ्याचा परवाना बदलावा असें ठरलें, तेव्हां ज्यांनीं ज्यांनीं त्यांत भर घातली होती त्या पुष्कळ लोकांस शोधून त्यांची संमति घ्यावी लागली. व्हीएलसी पुन्हां तेथें आला तो 2013 सालीं. आरंभीं वाचण्याचा अर्धा तास वांचविला तर शेवटीं वर्षें मोजावीं लागतात तीं अशीं.

ह्याच्या उलट एक चूक आहे आणि ती सद्भावनेनें होते. पुष्कळ तरुण आपला कोड गिटहबसारख्या ठिकाणीं ठेवतात, परवाना कोणताच जोडत नाहींत, आणि आपण तो जगास दिला असें समजतात. वस्तुस्थिति विपरीत आहे. परवाना नसेल तर सर्व हक्क लेखकाकडेच राहतात; लोकांस कोड पाहतां येईल, पण आपल्या ॲपांत घेण्याची अनुमति मिळत नाहीं. दार उघडें दिसतें, आंत येण्याचें आमंत्रण मात्र नसतें. दुसरे कित्येक 'व्यापारी उपयोगास मनाई' असें लिहून त्यास ओपन सोर्स म्हणतात. परंतु 1998 सालीं स्थापन झालेल्या ओपन सोर्स इनिशिएटिव्हच्या व्याख्येंत उपयोगाच्या क्षेत्रावरून भेद करण्यास जागा नाहीं. हवें तें करावें, पण त्याला त्याच्याच नांवानें हाक मारावी.

हा सगळा प्रोग्रामरांचा प्रश्न, आपला नव्हे, असें वाचकांनीं समजूं नये. मुंबईच्या एक टाइप ह्या संस्थेचा 'मुक्त' नांवाचा देवनागरी फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सखालीं सर्वांस मिळतो. तो वापरून पुस्तक छापा, ॲपांत घाला. नुसता फॉन्ट तेवढा विकूं नका, आणि ॲपबरोबर त्याचा परवाना ठेवा. आपली अक्षरेंसुद्धां अशा देणगीवर उभीं आहेत. आपल्या फोनच्या सेटिंग्जमध्यें कायदेविषयक माहितीचें पान उघडावें. बहुतेक फोनांत परवान्यांची लांबच लांब यादी दिसेल. मोठमोठ्या कंपन्या तीं नांवें छापतात, आणि आम्ही प्राध्यापक मुलांना तीं पुसावयास सांगतों!

खरा दोष आमचाच आहे. निबंधांतला एक परिच्छेद उचलला तर आम्ही विद्यार्थ्यास नापास करतों. प्रकल्पांतला हजार ओळींचा कोड उचलून नांव गाळलें तर त्यास स्वतंत्र बुद्धि म्हणून बक्षीस देतों. कारण आम्हांस 'सर्व स्वतःचें' हवें असतें, जें आज कोणाचेंच नसतें. परीक्षकानें विचारावयाचा प्रश्न हा कीं, हें कोणाकोणाचें आहे, कोणत्या परवान्यानें घेतलें, आणि त्यावर तूं काय रचलेंस. आईबापांनींहि पदवीच्या गुणपत्रिकेबरोबर हें एक पान मागावें.

त्या मुलानें आपलें ॲप दुरुस्त केलें. त्यांत आतां परवान्यांचें स्वतंत्र पान आहे, आणि त्या परदेशी गृहस्थाची तक्रार मिटली आहे. मीं संबंधित महाविद्यालयास पत्र लिहून अशी सूचना केली कीं, पुढील स्पर्धेंत असें पान नसलेलें ॲप विचारांत घेऊं नये, आणि गेल्या वेळीं तें न मागतां सही केल्याबद्दल माझी चूक नोंदवून ठेवावी. उत्तर अद्याप आलेलें नाहीं.