सैल गाठ



गेल्या महिन्यात प्रवचन आटोपल्यावर एक भगिनी मागे थांबल्या. गर्दी ओसरल्यावर हळू आवाजात म्हणाल्या, "मुलाला कधी कधी भान राहत नाही. वस्तू फेकतो, रात्री-अपरात्री रस्त्यावर धावत सुटतो. शेजारी म्हणतात, पोलिसांना बोलवा. अमेरिकेतला भाचा सांगतो, तिकडे पोलीस आता अशा माणसावर दोरी फेकून त्याला जागीच गुंडाळतात, मारत नाहीत. मग यात हिंसा राहिली कुठे?"

त्यांचा प्रश्न अनेक घरांचा आहे. सोयरीक अडेल, पेढीचे नाव खाली येईल, या भीतीने तो बोलला जात नाही एवढेच. म्हणून आज त्याचाच विचार करू.

त्या भाच्याने सांगितलेले यंत्र म्हणजे 'बोलारॅप'. दक्षिण अमेरिकेतील गुराखी पळत्या जनावराच्या पायांत वजन बांधलेली दोरी फेकून अडकवीत; त्या 'बोला'वरून हे नाव आले. हातात मावणाऱ्या या यंत्रातून सुमारे ८ फूट लांबीची केव्हलरची चिवट दोरी सुटते आणि १० ते २५ फुटांवरील माणसाच्या हातांना किंवा पायांना वेढे घालते. टोकांचे बारीक आकडे कपड्यांत रुततात. लॉस एंजेलिसच्या पोलिसांनीही २०२० मध्ये त्याची चाचणी घेतली. त्याआधी तेथील पोलिसांच्या हाती दंडुका, तिखट फवारा, विजेचा झटका देणारा टेझर आणि अखेर पिस्तूल अशी साधने होती. टेझरच्या वापरानंतर एक हजाराहून अधिक माणसे दगावल्याची नोंद रॉयटर्स या वृत्तसंस्थेने २०१७ मध्ये केली. त्यांत मनोरुग्णांची संख्या मोठी होती. त्या तुलनेत, वेदनेवर न विसंबता माणसाला थांबवणारी दोरी हे पुढचे पाऊल आहे, हे मान्य केले पाहिजे.

तरीही ती दोरी निर्दोष नाही. हात बांधलेला माणूस पडला तर स्वतःला सावरू शकत नाही. आकडा चेहऱ्याला लागू शकतो. अरुंद खोलीत ती फेकताच येत नाही. शिवाय, 'आपल्याला पकडायला कोणी येत आहे' या भ्रमाने जो आधीच थरथरत आहे, त्याच्यावर खरोखरच दोरी येऊन पडली, तर त्याचा भ्रमच खरा ठरत नाही का?

अमेरिकेतच मेम्फिस शहराने १९८८ मध्ये वेगळा मार्ग धरला. आदल्या वर्षी तेथे एक मनोरुग्ण तरुण पोलिसांच्या गोळीने मेला होता. त्यानंतर निवडक पोलिसांना ४० तासांचे शिक्षण देण्यात आले: अंतर राखा, आवाज खाली ठेवा, घाई करू नका, ऐकून घ्या आणि माणसाला तुरुंगाऐवजी दवाखान्यात न्या. पुढे अनेक शहरांनी ही पद्धत स्वीकारली.

आता आपल्या घरचा विचार. तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. यांत पहिले नाव बंधाचे आहे. मारण्याच्याही आधी बांधणे! प्राचीन टीकाकारांनी याचा बारकाईने विचार केला आहे. बंध जनावरांचा असो वा माणसांचा, तो निष्कारण नसावा. कारण असले तरी तो निरपेक्ष म्हणजे निर्दय नसावा, सापेक्ष असावा. सापेक्ष म्हणजे कसा? तर गाठ सैल असावी आणि आग लागल्यास ती चटकन सोडता किंवा तोडता यावी.

आगीचा हा दाखला मला पूर्वी केवळ गोठ्यापुरता वाटे. परंतु ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे मनोरुग्णांच्या एका निवाऱ्यास आग लागली. साखळदंडांनी बांधलेले २८ जण पळू न शकल्याने जळून गेले. त्यांची गाठ सैल नव्हती.

आज कायदाही हेच सांगतो. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम ९५ नुसार मनोरुग्णास साखळीने बांधणे निषिद्ध आहे. कलम ९७ नुसार रुग्णालयातही शारीरिक बंधन तात्काळ धोका टाळण्याचा दुसरा उपायच नसेल तेव्हा, मानसोपचारतज्ज्ञाच्या अनुमतीने आणि आवश्यक तेवढाच वेळ घालता येते. शिक्षा म्हणून किंवा माणसे अपुरी आहेत म्हणून नव्हे. कलम १०० नुसार पोलिसांनी अशा व्यक्तीस संरक्षणात घेतल्यास त्याचे कारण तिला सांगावे, चोवीस तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात न्यावे. कोठडीत ठेवता येत नाही.

म्हणून त्या भगिनींना मी एवढेच सांगितले. मुलगा शांत असताना डॉक्टरांना दाखवा. औषधाची चिठ्ठी हाताशी ठेवा. मन मोकळे करायचे असेल, सल्ला हवा असेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो. प्रसंग ओढवलाच तर घरातील एकानेच, थोडे दूर राहून, सावकाश बोलावे. बघ्यांना बाजूला करावे, कोणास चित्रण करू देऊ नये. जिवाला धोका दिसला तर ११२ वर अवश्य कळवावे, संकोच नको. मात्र पहिल्याच वाक्यात सांगावे, 'हा गुन्हा नाही, आजार आहे.' हातात काही शस्त्र आहे का, कोणते औषध चालू आहे, कोणाचे तो ऐकतो, हेही सांगावे. आलेल्या पोलिसांना तेवढ्या माहितीचा मोठा आधार होतो.

हीच गोष्ट बाजारपेठेची. बोहनीच्या वेळी पायरीवर बडबडणारा माणूस दिसला की आपण नोकराला म्हणतो, "हाकल त्याला." जिवदयेसाठी पांजरापोळास देणगी देणारे हात आपलेच आहेत. त्या पायरीवरचाही पंचेंद्रिय जीवच आहे.

निघताना त्या भगिनींनी विचारले, "आणि बांधावेच लागले तर?" मी म्हणालो, "तर सोडण्याची तयारी आधी ठेवा, आणि तोवर त्याच्याजवळून उठू नका."