तिथी, भरती आणि प्रदक्षिणा

महाशिवरात्र जवळ आली की आंबेगाव तालुक्यातील शिनोलीवरून जाणारा भीमाशंकरचा रस्ता भाविकांनी फुलून जातो. सह्याद्रीच्या माथ्यावरील शिवाचे दर्शन घेणाऱ्या घाटावरच्या कुटुंबांना समुद्रकाठच्या शिवाचीही ओढ असते. हे नाते नद्यांनीच जोडलेले आहे. शिनोलीच्या परिसरातील घोड नदी भीमेला मिळते, भीमा कृष्णेला. त्या कृष्णेच्याच उगमस्थानी, महाबळेश्वरी, सावित्रीचाही उगम मानला जातो. कृष्णा पूर्वसागराकडे जाते; सावित्री कोकणात उतरून हरिहरेश्वरापाशी पश्चिमसागराला मिळते.

रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यातील या क्षेत्राला भाविक दक्षिण काशी म्हणतात. पेशव्यांचे हे कुलदैवत. प्रथम कालभैरवाचे दर्शन, मग हरिहरेश्वराचे आणि पुन्हा कालभैरवाचे, असा येथील क्रम आहे. मंदिरामागे डोंगर फोडून काढलेल्या पायऱ्या थेट समुद्राच्या खडकांवर उतरतात आणि तेथून प्रदक्षिणेचा मार्ग जातो. लाटांनी कोरलेले कातळ, तीर्थांची कुंडे आणि समोर अथांग सागर! असे देवालय महाराष्ट्रात विरळाच.

गाव एरवी नारळी-पोफळीच्या सावलीत निवांत असते. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळाने याच किनारपट्टीवर आघात केला आणि श्रीवर्धन तालुक्यातील बागा आडव्या झाल्या. नवी पोफळ फळाला येण्यास वर्षे जातात. त्यामुळे यात्रेकरूंचे येणे गावाच्या चरितार्थाला हवेच आहे. आम्हांस चिंता वाटते ती येणाऱ्यांच्या घाईची. सुटीचा दिवस गाठून गाडी करायची, तासाभरात दर्शन व प्रदक्षिणा उरकायची आणि पुढच्या गावी निघायचे, ही रीत आता रूढ झाली आहे. समुद्र मात्र सुटीचा वार पाळत नाही. तो तिथी पाळतो. प्रदक्षिणेचा हा मार्ग ओहोटीतच चालण्याजोगा असतो. भरतीच्या लाटा खडकांवर चढल्या की मागे फिरण्यासही वाव राहत नाही. या खडकांवर आजवर जीवही गेले आहेत.

किनाऱ्यावरच्या लोकांचा एक जुना हिशेब आहे. पक्षातील तिथीला तीनाने गुणून चाराने भागावे. येईल तो भरतीचा सुमाराचा तास. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. दिवसातून दोनदा भरती येते आणि प्रत्येक भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी लागून जाते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास चंद्र-सूर्यांचे आकर्षण एकवटते. तेव्हा उधाण येते, पाणी उंच चढते आणि खोलवर उतरते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते. तेव्हा पाणी चढतेही कमी आणि उतरतेही कमी.

आता हा हिशेब महाशिवरात्रीला लावून पाहावा. माघ वद्य चतुर्दशी, म्हणजे साडेदहा. स्नान-पूजा आटोपून भाविक प्रदक्षिणेला निघतात, नेमक्या त्याच वेळी, साडेदहा-अकराच्या सुमारास, भरती माथ्यावर असते. आणि अमावास्या उद्यावर आल्याने ती उधाणाची असते. त्या दिवशी खडकांवरचा मार्ग मोकळा होण्याची वेळ दुपार कलल्यावरची. सकाळी दर्शन आणि तिसऱ्या प्रहरी प्रदक्षिणा, असा बेत आखला तर श्रद्धेत काय उणे पडते?

समुद्रापुढे मोठमोठ्या उत्सवांनाही थांबावे लागते. २०२५ च्या अनंत चतुर्दशीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईच्या गिरगाव चौपाटीवर पोचलेल्या लालबागच्या राजाचे विसर्जन भरतीमुळे खोळंबले आणि रात्री पार पडले. लक्षावधींच्या भक्तीलाही जेथे ओहोटीची वाट पाहावी लागली, तेथे एखाद्या कुटुंबाने चार तास थांबण्यात कमीपणा कसला?

देव तारील, असे कोणी म्हणेल. परंतु ज्या देवाच्या दर्शनाला आपण तिथी पाहून निघतो, त्याच तिथीने समुद्राची वेळही सांगितलेली आहे. अर्धी ऐकावी आणि अर्धी सोडावी, ही भक्ती नव्हे. हा हिशेब सुमाराचा आहे, हेही ध्यानी असावे. त्या दिवसाची नेमकी वेळ गावातील जाणत्यांना विचारावी आणि त्यांनी नको म्हटले तर पायरीवरूनच हात जोडावेत. श्रावणी सोमवारी, दर्या खवळलेला असताना, खडकांवर उतरूच नये.

यात्रा काढणाऱ्यांनी निघण्यापूर्वीच भरती-ओहोटीच्या वेळा विचारून मुक्काम ठरवावा, आणि पायऱ्यांच्या तोंडाशी त्या दिवसाच्या वेळा ठळक मराठीत लिहिल्या जाव्यात, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. मुक्काम वाढला तर गावातील घरांनाही चार पैसे मिळतील. प्रत्येक देवघराशेजारी पंचांग टांगलेले असतेच. यंदा उपवासाचा दिवस पाहताना त्याच ओळीतून समुद्राची वेळही वाचावी. हरिहरेश्वराची प्रदक्षिणा तेथूनच सुरू होते.